बिदर-कलबुर्गीची अभ्याससहल आणि भाषेचा विद्यार्थी

बहुतेक महाविद्यालयांत इतिहास मंडळ असते आणि त्याचा वार्षिक क्रमही ठरलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये उद्घाटन, १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्तिसंग्रामावर व्याख्यान, हिवाळ्यात सहल आणि मार्चपूर्वी अहवाल. मराठीच्या प्राध्यापकाचा त्यात संबंध येतो तो सूत्रसंचालनापुरता, किंवा सहलीला मुलींबरोबर जाण्यासाठी एखादा ज्येष्ठ शिक्षक कमी पडत असेल तेव्हा. माझा संबंध या दुसऱ्या कारणाने आला. पुढे तो वाढत गेला आणि आता सहलीचा मार्ग ठरवताना इतिहासाचे सहकारी मला आधी विचारतात. या अनुभवातून भाषा-साहित्याच्या अध्यापनाला उपयोगी पडेल असे जे हाती लागले, ते येथे मांडतो आहे. बिदर आणि कलबुर्गी हे दोन जिल्हे मराठीच्या अभ्यासक्रमात सहसा येत नाहीत. ते यायला हवेत, असे माझे मत या सहलींतून तयार झाले.

पहिल्या वर्षीचे अहवाल वाचून मी खट्टू झालो होतो. बत्तीस अहवालांपैकी जवळपास सगळ्यांत एकच मजकूर होता. किल्ला कोणी बांधला, किती दरवाजे आहेत, ‘आम्ही खूप मजा केली’ आणि शेवटी प्राचार्यांचे आभार. मुलांचा दोष नव्हता. आम्ही त्यांना पाहायला सांगितले होते, पण काय पाहायचे ते सांगितले नव्हते. दुसऱ्या वर्षी अट बदलली. इमारतीचे वर्णन नको. प्रत्येक ठिकाणी एक शब्द शोधायचा, तो कोणाच्या तोंडून ऐकला किंवा कुठे कोरलेला पाहिला ते लिहायचे, आणि जे कळले नाही त्याचा एक प्रश्न लिहायचा. दोन पानांपेक्षा जास्त लिहायचे नाही. एवढ्या बदलाने सहलीचे रूपच पालटले.

बिदर शहरात मुलांना पहिला शब्द बसस्थानकावरच मिळतो. ‘नक्को’. दखनी बोलणाऱ्या चहावाल्याच्या तोंडी आपला मराठी ‘नको’ ऐकून मुले हसतात. मग ‘मैंइच’, ‘आजइच’ यांतला ‘च’ कानावर पडतो आणि हसू थांबते, कारण हाही आपलाच ‘च’ आहे हे लक्षात येते. दखनीतील आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या काव्यांत फख्रुद्दीन निजामी याची ‘कदमराव पदमराव’ ही मसनवी गणली जाते. ती पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहमनी राजवटीत, बिदरला लिहिली गेली. तिच्या भाषेत संस्कृत आणि मराठी वळणाचे शब्द इतके आहेत, की नंतरच्या उर्दूवर वाढलेल्या वाचकाला ती अवघड जाते. उर्दूच्या विद्यार्थ्याला अडणारे काही शब्द मराठीच्या विद्यार्थ्याला अडत नाहीत, ही गोष्ट वर्गात सांगून पटत नाही. बिदरच्या बसस्थानकावर पटते.

महमूद गावानच्या मदरशापाशी आम्ही जास्त वेळ थांबतो. १४७२ची ही इमारत. दोन मिनारांपैकी एक उरला आहे. औरंगजेबाच्या काळात येथे दारूगोळा साठवला होता आणि १६९६ मध्ये स्फोट होऊन निम्मा दर्शनी भाग गेला. उरलेल्या भिंतीवरच्या निळ्या-हिरव्या फरश्यांचे फोटो मुले काढतात, ते काढू द्यावेत. भाषेच्या विद्यार्थ्याला मात्र गावानची दुसरी ओळख करून द्यावी लागते. इराणातल्या गीलानहून व्यापारी म्हणून आलेला हा माणूस बहमनींचा वजीर झाला, आणि तो फार्सी गद्याचा नामांकित लेखकही होता. त्याच्या पत्रांचा संग्रह ‘रियाजुल्इन्शा’ म्हणून प्रसिद्ध आहे. पत्र कसे लिहावे यावर ‘मनाजिरुल्इन्शा’ हा ग्रंथही त्याने लिहिला. १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला, तो एका बनावट पत्रामुळे. त्याच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर विरोधकांनी ओडिशाच्या राजाला उद्देशून फितुरीचा मजकूर लिहवला आणि तो सुलतानापुढे ठेवला. पत्रलेखनाच्या आचार्याचा जीव खोट्या पत्राने गेला, हे मुले विसरत नाहीत. मोडी कागदपत्रांतील मायने आणि शिक्के शिकवताना मी आता आरंभ येथूनच करतो.

शब्द म्हणाल तर बहमनी राज्याच्या प्रांताला ‘तरफ’ म्हणत आणि त्याच्या अधिकाऱ्याला ‘तरफदार’. आधी तरफा चार होत्या, गावानने त्यांच्या आठ केल्या. आपण आजही निमंत्रणपत्रिकेवर ‘मंडळातर्फे’ असे छापतो, कोणाची ‘तरफदारी’ करतो, आणि कोकणातल्या कितीतरी गावांच्या सरकारी नावांत ‘तर्फ’ अजून टिकून आहे. बिदरी कामाच्या दुकानातही असेच. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूची वस्तू ओतायची, तिच्यावर नक्षी कोरायची, खोबणीत चांदी ठोकून बसवायची आणि किल्ल्यातली माती घातलेल्या पाण्यात उकळून ती काळी करायची, हे सर्व मुले डोळ्यांनी पाहतात. पण चांदीच्या तारेच्या कामाला ‘तारकशी’ आणि पत्र्यातून नक्षी कापून काढण्याला ‘आफताबी’ म्हणतात, हे कारागिराशेजारी बसून विचारले तरच समजते. बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला हे माहितीपत्रकात असते, हे दोन शब्द नसतात.

मराठी घरांत बिदरची ओळख बहुधा दामाजीपंतांच्या कथेतून झालेली असते. मंगळवेढ्याची कोठारे दुष्काळात लुटवली, बेदरच्या पातशहाने पकडून आणण्याचा हुकूम काढला आणि विठू महाराच्या रूपाने देव पैसे भरून गेला. किल्ल्यात उभे राहून ही कथा सांगणे मला फार आवडत असे. एका वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, पातशहा कोणता?’ कीर्तनात त्याला नाव नसते, तो नुसता ‘बेदरचा पातशहा’ असतो. महिपतींनी ‘भक्तविजय’ पूर्ण केला तो १७६२ मध्ये. तोवर बहमनी राज्य जाऊन सव्वादोनशे वर्षे होऊन गेली होती. त्या विद्यार्थ्यापुढे मी कथा आणि साधन यांतला फरक सांगितला खरा. पण त्याआधी कित्येक वर्षे मी स्वतःच ती कथा इतिहासासारखी सांगत होतो, हेही त्याला सांगावे लागले. कथेचे मोल त्याने कमी होत नाही. मराठी मनात बिदर हे सत्तेचे ठिकाण म्हणून तीनशे वर्षांनंतरही कसे उरले होते, याचा ती पुरावा आहे. तो पुरावा अठराव्या शतकाचा आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

दुपारी अष्टूरला जातो. अहमदशाह वली बहमनीच्या कबरीवरचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे होळीच्या सुमारास भरतो आणि त्यात लिंगायत जंगमाचा मान असतो. लिंगायत भाविक या सुलतानाला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. मंडळातली मुले येथे फारशी बोलत नाहीत, आणि मीही बोलत नाही.

आता कल्याण. बसवकल्याण हे या सहलीतले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण असे मी मानतो. बसवेश्वर, बिज्जल आणि अनुभवमंटप ही बाजू मुलांना ठाऊक असते. शहरात ती पावलोपावली दिसतेही. त्याआधीचे चालुक्यांचे कल्याण मात्र ठाऊक नसते. सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी काश्मीरचा बिल्हण येथे कवी होता, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ येथे लिहिली. आणि विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११२९ मध्ये येथेच सिद्ध झाला. राजाने काय खावे, काय नेसावे, कोणते खेळ पाहावेत, हत्ती कसे पकडावेत, असा त्याचा अफाट पसारा आहे. त्यातल्या गीतविषयक भागात मराठी भाषेतील पदांचे नमुने आहेत. आणि कांडताना महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात, असा स्पष्ट उल्लेख आहे. ‘ओवी’ हा शब्द तिथे जसाच्या तसा आला आहे.

ज्ञानेश्वरीच्या समाप्तीचे वर्ष शके १२१२, म्हणजे १२९०. त्याच्या १६१ वर्षे आधी ओवीचा उल्लेख झाला तो पैठणला नव्हे, देवगिरीलाही नव्हे, तर आज कर्नाटकात असलेल्या या गावी. ओवी गाणाऱ्या बायका कोण होत्या? राजवाड्याच्या कोठारात कांडणाऱ्या, की लेखकाने प्रवासात ऐकलेल्या? ग्रंथात एवढेच आहे की त्या महाराष्ट्रातल्या. सीमाभागातल्या मुलांच्या मनात ‘हे आपले की त्यांचे’ हा प्रश्न सतत असतो, तो मी नाकारत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात गेला आणि उरलेला म्हैसुरात आला. एकाच घरातल्या दोन बहिणी दोन राज्यांत पडल्या. ही जखम खरी आहे. पण ‘मानसोल्लास’ची नोंद वाचल्यावर या प्रश्नाचे रूप बदलते. कानडी राजाच्या दरबारात, संस्कृत ग्रंथात, मराठी बाईचे कांडणाचे गाणे टिपले गेले. या तिन्हींपैकी एकही गोष्ट वगळून आपल्या वाङ्मयाचा इतिहास लिहिता येणार नाही.

यातून मंडळाचा एक सांस्कृतिक कार्यक्रम उभा राहिला. स्नेहसंमेलनात रेकॉर्ड लावून नाचण्याऐवजी प्रत्येक मुलीने, आणि मुलानेही, आपल्या आजीकडून दोन ओव्या आणाव्यात, कोणत्या कामाच्या वेळी त्या म्हणत हे विचारावे आणि कार्यक्रमात त्या म्हणून दाखवाव्यात. जात्यावरच्या ओव्यांचे फार मोठे संकलन गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रात केले आहे. त्याच्यापुढे आमचे काम वहीभर. तरी एक गोष्ट अशी निघाली, जी पुस्तकात वाचून मला कधी उमगली नसती. औराद तालुक्यातल्या एका मुलीने आजीला विचारले, ‘कांडताना काय म्हणायचीस?’ आजी म्हणाली, जात्यावर लांब ओळ चालते, कारण हात फिरत असतो. मुसळ वर गेले की दम तुटतो, म्हणून कांडताना ओळ तोडून म्हणायची. मग तिने उखळ नसताना, नुसते हात वर-खाली करून, म्हणून दाखवले. ओवीची चरणरचना शिकवताना मी आता आधी ते हात करून दाखवतो. वर्गात हसतात, पण यति म्हणजे काय ते त्यांना कळते.

कल्याणजवळचे नारायणपूर आणि हुमनाबाद तालुक्यातले जलसंगवी ही दोन देवळे दोन तासांत होतात. नारायणपूरला मृत्युंजय ऊर्फ शहा मुंतोजी बहमनी यांची परंपरा सांगावी. ‘सिद्धसंकेतप्रबंध’ लिहिणारा हा मराठी कवी बिदरच्या राजघराण्यातला होता असे परंपरा मानते. हुमनाबादशेजारच्या माणिकनगरात थांबता आले तर उत्तम. माणिकप्रभूंनी (१८१७-१८६५) मराठी, कानडी, हिंदुस्थानी आणि संस्कृत अशा भाषांत पदे रचली आणि दत्तजयंतीच्या उत्सवात तिथे आजही गाणे होते.

मळखेड पाहताना मुलांची निराशा होते, हे आधीच सांगून ठेवावे. कागिणा नदीच्या काठी पडक्या किल्ल्याखेरीज राजधानीच्या खुणा फारशा नाहीत. ही राष्ट्रकूटांची मान्यखेट. अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळातला, नवव्या शतकाच्या मध्याचा ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला उपलब्ध ग्रंथांतला सर्वांत जुना. कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत आहे असे त्यात म्हटले आहे. मराठी मुले हे ऐकून उसळतात. ‘मग नांदेडसुद्धा?’ त्यांना उसळू द्यावे आणि मग सांगावे, की हेच राष्ट्रकूट आपल्याला लत्तलूरचे स्वामी म्हणवत आणि लत्तलूर म्हणजे लातूर असे मानले जाते. वेरूळचे कैलास लेणे याच घराण्यातल्या पहिल्या कृष्णाचे. नवव्या शतकातल्या भूगोलाने आजच्या तालुक्यांचे वाद सुटत नाहीत, कोणत्याही बाजूने. याच मान्यखेटात पुष्पदंताने दहाव्या शतकात अपभ्रंश भाषेतले ‘महापुराण’ रचले. त्याची संहिता विसाव्या शतकात परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केली. मराठीच्या पूर्वरूपांचा अभ्यास करणाऱ्याने तो ग्रंथ उघडून तरी पाहावा. आणि मान्यखेट लुटले गेले कधी? याचे एक साधन आहे एक शब्दकोश. धनपालाने ‘पाइयलच्छी’ हा प्राकृत कोश आपली धाकटी बहीण सुंदरी हिच्यासाठी रचला, आणि माळव्याच्या सैन्याने मान्यखेट लुटले त्या वर्षी, विक्रम संवत १०२९ मध्ये, तो रचल्याचे नोंदवून ठेवले. कोशाच्या शेवटची एक नोंद राजधानीच्या नाशाची तारीख सांगते. कोशवाङ्मय रुक्ष असते म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी हे उदाहरण राखून ठेवले आहे.

खुद्द कलबुर्गीत १३६७ची जामा मशीद आणि ख्वाजा बंदेनवाज यांचा दर्गा पाहून आम्ही भीमा-अमरजा संगमाकडे, गाणगापूरला जातो. पूर्वी मी गाणगापूर मार्गातून वगळत असे. ते यात्रेचे ठिकाण, अभ्यासाचे नव्हे, असा माझा समज होता. तो चुकीचा होता.

श्रीनृसिंहसरस्वतींचे चरित्र सांगणारा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ महाराष्ट्रात घरोघरी आहे. तो लिहिणारा सरस्वती गंगाधर हा सायंदेवाच्या वंशातला, आणि हे सायंदेव परंपरेने आळंद तालुक्यातल्या कडगंचीचे. त्याच कडगंचीच्या शिवारात आज कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे. ग्रंथातले बिदर ‘वैदुरानगर’ या नावाने येते. रजकाचा पुढल्या जन्मी तिथला राजा होतो, ही कथा पारायण करणाऱ्या सर्वांना पाठ असते. पण भाषेच्या विद्यार्थ्याने दोन गोष्टींकडे पाहावे. पहिली, कवी स्वतःच कबुली देतो की महाराष्ट्र भाषा आपल्याला नीट येत नाही. दुसरी, एकेचाळिसाव्या अध्यायात सायंदेव गुरूंची स्तुती करतो तेव्हा मराठी ओव्या थांबतात आणि कानडी पदे सुरू होतात.

आमच्या भागातल्या मुलांची एक अडचण आहे. ती घरी ‘काय करायलालास?’ असे बोलतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांपुढे ओठ दाबून बोलतात. त्यात ज्यांची आई कानडी, त्यांची तर मराठी विभागात नाव नोंदवतानाच दबकी अवस्था. अशी एक मुलगी त्या वर्षी सहलीत होती. तीन दिवस तिने एकही प्रश्न लिहून दिला नव्हता. संगमाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही एकेचाळिसावा अध्याय उघडला. (मुलींनी गुरुचरित्र वाचावे का, अशी शंका एका सहकाऱ्याने काढली. आपण पारायणाला आलेलो नाही, एवढे म्हणून मी ती मिटवली.) कानडी पदे आली तेव्हा दोन मुले, ज्यांच्या घरी पारायण होते, ती घडाघडा म्हणू लागली. मंत्र म्हणावा तशी, अर्थ न समजता. त्या मुलीने थांबवले. म्हणाली, ‘तो शब्द असा नाही. इथे तोडा.’ आणि तिने एकेका शब्दाचा अर्थ सांगितला. पिढ्यान्‌पिढ्या नकलून आणि छापून शब्दांची जी मोडतोड झाली होती, ती तिच्या कानाने ओळखली. दोन ठिकाणी ‘हे मला लागत नाही’ असेही ती प्रामाणिकपणे म्हणाली. पारायणवाल्या मुलांनी वही काढली आणि लिहून घेतले. पाठभेद, संहिताशुद्धी, लेखनिकाचा प्रमाद हे शब्द मी पदव्युत्तर वर्गात वर्षानुवर्षे वापरतो. त्या दिवशी ते मला उच्चारावे लागले नाहीत.

परतीच्या बसमध्ये तिने तिचा प्रश्न लिहून दिला: मराठी नीट येत नाही म्हणणाऱ्या माणसाचा ग्रंथ मराठी लोकांनी इतका का वाचला? मी अजून तिला पूर्ण उत्तर दिलेले नाही. ती सध्या त्या पदांच्या निरनिराळ्या छापील आवृत्त्या गोळा करून पाठ ताडून पाहते आहे.

ज्या शिक्षकांना अशी सहल काढायची असेल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. तीन दिवस लागतात. दोन दिवसांत उरकले तर फक्त फोटो होतात. डिसेंबर-जानेवारी बरा, तेव्हा ऊन सोसते आणि वाटेत तुरीची काढणी दिसते. कन्नड विभागाचा एक शिक्षक बरोबर घ्याच. आम्ही घेतो, आणि जुन्या कन्नड लिपीतले शिलालेख तो वाचतो, मराठी ग्रंथांतले उतारे मी वाचतो. खर्चाची ओरड सर्वत्र आहे. आमची एक सहल मंजुरीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यातच बारगळली. त्या वर्षी मुलांनी आपापल्या गावचे देऊळ, दर्गा आणि वेस पाहून अहवाल लिहिले. ते वाईट नव्हते.

यंदा मार्गात सन्नती आणि शेजारचे कनगनहळ्ळी घेतले आहे. भीमेकाठच्या सन्नतीला देवीच्या मूर्तीखालच्या शिळेवर अशोकाचे आदेश कोरलेले निघाले. कनगनहळ्ळीच्या स्तूपात राजा-राणीचे शिल्प आहे आणि त्यावर ब्राह्मी अक्षरांत ‘राया असोको’ असे प्राकृत नाव आहे. ‘राया’ हा शब्द मुलांना ओळखीचा आहे, ओवीतून आणि लावणीतून. जलसंगवीला मात्र पुन्हा जायचे ठरले आहे. तिथल्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर एक सुंदरी पाठमोरी उभी राहून विक्रमादित्याच्या स्तुतीचा संस्कृत श्लोक लिहिताना कोरली आहे, आणि तिने लिहिलेली अक्षरे दगडावर खरोखर वाचता येतात. मागच्या खेपेला संध्याकाळ झाली होती, उजेड कमी होता. तिच्या हातात लेखणी आहे की छिन्नी, यावर मुलांत दोन तट पडले आणि तो वाद बसमध्ये हुमनाबाद येईपर्यंत चालला. या वेळी सकाळी पोचायचे आहे.